लिंक नाही

बँकेतल्या माणसाला दोन वाक्यं पाठ असावी लागतात. पहिलं 'जेवणाच्या सुट्टीनंतर या' आणि दुसरं 'लिंक नाही'. पहिल्यावर लोक भांडतात. दुसऱ्यावर कोणी भांडत नाही. आभाळाकडे बघून सुस्कारा टाकतात, जणू लिंक पावसासारखी वरूनच पडायची असते. तसं ते खरंही आहे. सूरजागडच्या रस्त्यावरच्या आमच्या शाखेच्या छपरावर व्हीसॅटची थाळी आहे आणि ती सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाशी बोलते.

खाली मात्र दोन कॉम्प्युटर, एकाच खरेदीतले, आणि दोघांत विंडोज सेव्हन. या विंडोजला तिच्या कंपनीनं १४ जानेवारी २०२० रोजी निवृत्त केलं. आमच्याकडे तिला मुदतवाढ मिळाली. निरोपसमारंभाचा खर्च मंजूर झाला नसावा.

मे २०२२ मध्ये, ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामात, वळवाच्या पावसानं रात्रभर वीज गेली आणि सकाळपासून दोन्ही कॉम्प्युटर सर्व्हरशी बोलेनासे झाले. व्हीसॅटचे दिवे हिरवेगार. मी शाखेमागच्या मोहाच्या झाडाखाली गेलो (मोबाइलला रेंज तिथेच मिळते) आणि वरच्या ऑफिसला फोन लावला. "बंद करून सुरू करा." केलं. "वायर काढून घाला." घातली. तक्रारीला अकरा आकडी नंबर मिळाला. माझं गृहकर्जसुद्धा इतक्या आकड्यांत नाही.

एक माडिया आजी नातवाला घेऊन तीन दिवस येत होती. तेंदूपत्त्याचे पैसे खात्यात होते आणि पावसाआधी धानाचं बियाणं घ्यायचं होतं. "लिंक आली का जी?" नातू विचारायचा. मी मान हलवायचो. आजी भिंतीला टेकून बसायची आणि शेवटची जीप निघायच्या वेळी उठायची. दोघांच्या तीन फेऱ्यांचं भाडं मी मनात मांडून बघितलं. ते कोणाच्या नावे टाकायचं, हे बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नातवानं काउंटरवरून डोकं आत घातलं. "सर, तुमच्याकडं जानेवारी चालू आहे का जी?"

पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. आजीला त्यानं माडियात सांगितलं तेव्हा ती प्रथमच हसली. ठाकूरदेवाची जत्रा जानेवारीत असते, आणि ती तर तेंदू तोडून आली होती!

आता उलगडा झाला. कॉम्प्युटरच्या पोटात रुपयाएवढा तीन व्होल्टचा एक सेल असतो. वीज नसताना तोच घड्याळ चालवतो. आमचे दोन्ही सेल संपले होते, यूपीएस त्याआधीच संपला होता. सर्व्हर ओळख म्हणून जे सर्टिफिकेट दाखवतो, त्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं असतं. २००९ सालात बसलेल्या कॉम्प्युटरला ते सर्टिफिकेट म्हणजे पुढच्या तारखेचा चेक! असे चेक परत करण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यानं केलं ते नियमानुसारच. शिवाय तसं पडद्यावर लिहूनही येत होतं. आम्ही तीन दिवस न वाचता ती चौकट बंद करत होतो. हेही परंपरेला धरूनच, कारण गिऱ्हाइकांनी भिंतीवरच्या सूचना वाचाव्यात असा आग्रह धरणारे आम्ही परिपत्रकं कुठे वाचतो? पुढे असंही समजलं की विंडोजच्या जाळ्यात घड्याळ पाच मिनिटांहून जास्त चुकलं तरी सर्व्हर ओळख नाकारतो. हा नियम माणसांना लावला असता तर सकाळी शाखेचं कुलूप उघडायला कोणी उरलं नसतं.

मी तारीख दुरुस्त केली. लिंक आली. आजीची स्लिप हातात घेतली आणि वीज गेली. परत आली तेव्हा पुन्हा जानेवारी!

सेल अहेरीला मिळाला असता, पण जीप तासाभरात निघणार होती. तेवढ्यात साहेबांच्या टेबलावर त्यांच्या नव्या गाडीचं रिमोट दिसलं. अशा रिमोटांत बहुधा तोच सीआर २०३२ सेल असतो. साहेबांनी आधी माझ्याकडे, मग आजीकडे बघितलं आणि रिमोट पुढे सरकवलं.

आजीनं नोटा दोनदा मोजल्या, पदरात बांधल्या आणि नातवाच्या कानात काहीतरी सांगितलं.

"आजी विचारते, आता साहेबांची गाडी चालेल का जी?"

"चालेल," मी म्हणालो, "फक्त किल्लीनं उघडावी लागेल."

साहेब फायलीत डोकं घालून बसले होते.