दोन ‘मी’

गेल्या सत्रातील गोष्ट. इयत्ता आठवीच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका मी तपासत होते. ‘धिस सीक्रेट इज बिट्वीन यू अँड’ एवढे वाक्य देऊन पुढील रिकामी जागा भरावयास सांगितले होते. एका विद्यार्थिनीने तेथे ‘मी’ लिहिले होते. मराठीतला ‘मी’च तिच्या लेखणीतून इंग्रजीत उतरला असावा, अशा समजुतीने मी त्यावर लाल रेघ ओढली आणि वर ‘आय’ लिहिले.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी उठून म्हणाली, “बाई, आपण ‘फॉर आय’ म्हणत नाही, ‘फॉर मी’ म्हणतो. मग ‘बिट्वीन’च्या पुढे ‘आय’ कसं चालेल?”

तिचे म्हणणे बरोबर आहे, हे मला तत्क्षणी उमगले. तरीही “उद्या सांगते,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. चूक झाल्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. ती झाकल्याचे मात्र रात्रभर सलत राहिले.

नियम तसा सोपा आहे. इंग्रजीतील प्रिपोझिशन म्हणजे आपले शब्दयोगी अव्यय. मात्र आपले नामाच्या मागून येते, त्यांचे पुढे उभे राहते. त्याच्याशी जोडलेले नाम किंवा सर्वनाम हे त्याचे कर्म. आपल्याकडे असा शब्द आपले मूळ रूप टाकतो : झाड, पण झाडाखाली, मी, पण माझ्यासाठी. माझ्या घरच्या कोंकणीत ‘हांव’चे ‘म्हजेखातीर’ होते, आणि सुरतेच्या रस्त्यावर ऐकू येणाऱ्या गुजरातीत ‘हुं’चे ‘मारा माटे’. इंग्रजीत ‘ट्री’ हे नाम ‘अंडर’पुढे जसेच्या तसे राहते, म्हणून नियम डोळ्यांआड होतो; परंतु ‘आय’चे ‘मी’ आणि ‘ही’चे ‘हिम’ झालेच पाहिजे. मराठीतला ‘मी’ कर्ता, इंग्रजीतला ‘मी’ कर्म. उच्चार एक, अधिकार निराळे. मध्ये ‘यू अँड’ आले म्हणून नियम बदलत नाही. शंका आल्यास ते दोन शब्द क्षणभर झाकून वाक्य वाचावे.

या कर्माला कर्ता समजण्याचीही चूक होते. ‘आंब्यांची पेटी आली’ असे आपण म्हणतो. आंबे पुष्कळ असले तरी क्रियापद पेटीचे ऐकते. ‘द बॉक्स ऑफ मँगोज’ याच्यापुढे ‘इज’ येते ते याच कारणाने. आंबे हे ‘ऑफ’चे कर्म, वाक्याचा कर्ता नव्हे.

१८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग पुढे याच सुरतेत शिक्षक होते. १८४४ साली येथे स्थापन झालेल्या मानवधर्मसभेच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते. इंग्रजी व्याकरणाच्या उजेडात त्यांनी मराठी न्याहाळली. आपण मराठीच्या उजेडात इंग्रजी न्याहाळली, तर पुष्कळ अडचणी सुटतील.

तिसऱ्या दिवशी मी वर्गात प्रथम माझी चूक फळ्यावर लिहिली, मग त्या मुलीचा गुण तिला परत दिला. वर्गात कोणीही हसले नाही. त्या दिवसापासून मुले मला अधिक प्रश्न विचारू लागली आहेत. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही विचारीत जा. शिक्षकाची लाल रेघ म्हणजे व्याकरण नव्हे.