आवाज बंद केलेला ‘शोले’

धुळ्यात लहानपणी ‘शोले’ मी आधी ऐकला, मग पाहिला. चहाच्या हॉटेलात, रिक्षात, लग्नाच्या मांडवात त्याच्या संवादांच्या कॅसेटी वाजत. गब्बरचे बोलणे आम्हा पोरांना पाढ्यांआधी पाठ झाले.

अब्बांनी तीस वर्षे पॉवरलूम चालवला. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. ओरडून बोलावे लागते म्हणून मी हळूहळू त्यांच्याशी बोलणेच कमी केले होते.

गेल्या बकरी ईदला जळगावहून घरी गेलो, तेव्हा टीव्हीवर ‘शोले’ लागला होता. धाकटी झोपली होती म्हणून बायकोने आवाज बंद केला. अब्बांना काहीच फरक पडला नाही. मी उठू लागलो, तर त्यांनी हात धरून बसवले.

पडद्यावर संध्याकाळ होती. जय बाहेर बसून माऊथ ऑर्गन वाजवत होता. समोर ठाकूरच्या घरात विधवा राधा एकेक दिवा मालवत होती. सूर ऐकू येत नव्हता. पण मावळता निळसर उजेड, त्यातले पिवळे दिवे आणि दोघांमधले अंतर दिसत होते. हा प्रसंग कितीदा पाहिला असेल, त्यातला उजेड कधी पाहिला नव्हता.

ही किमया छायाचित्रकार द्वारका दिवेचांची. तिन्हीसांजेचा तसा उजेड रोज काही मिनिटेच टिकतो. म्हणून पडद्यावरच्या दोनेक मिनिटांसाठी सुमारे २० दिवस लागले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी आलेल्या या चित्रपटाला फिल्मफेअर पुरस्कार एकच मिळाला, तोही संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. सलीम-जावेद घराघरांत पोचले. दिवेचांचे नाव आमच्या मोहल्ल्यात कुणी घेतले नाही.

पुढे घोड्यावरून अहमदची मय्यत गावात आली. आंधळ्या इमामसाहेबांना भोवतीची शांतता ऐकू येते, दिसत काही नाही. माझ्या शेजारी अब्बांना सारे दिसत होते, ऐकू काही येत नव्हते. त्यांचे डोळे भरले होते.

वर्गात मी मुलांना रोज ‘ग़ौर से सुनो’ सांगतो. ‘ग़ौर से देखो’ फक्त नकाशाच्या तासाला.

मुलाच्या वहीवर उर्दूत लिहून अब्बांना दाखवले, ‘आज पहिल्यांदा नीट पाहिला.’

ते हसले आणि नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले, “तू तो बस सुनता था, बेटा!”

धाकटी दचकून उठली. वही मी मिटली नाही.