कापसाचा उजेड

८ डिसेंबर २०२४, रविवार, पालम
भिंतीवरचा आजोबांचा फोटो आज खाली घेऊन पुसला. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता, म्हणून मतदान ओळखपत्रावरून मोठा करून घेतला होता. फोटोवाल्याने अंगात कोट घातला आणि मागे निळा पडदा लावला. आजोबांनी जन्मात कोट घातला नाही. धोतर, बंडी आणि खांद्यावर पंचा, एवढाच त्यांचा पोशाख. माझ्या पुतणीला मात्र आजोबा कोटवालेच वाटतात. हे मला फार लागलं आहे. घरात हयात असलेल्या माणसांचे फोटो आता मीच काढणार, ती जिथे असतात तिथेच, शेतात नाहीतर अंगणात. नांदेडहून जुना कॅमेरा आणलाय, सोबत ५० मिलिमीटरची लेन्स.

दुपारी १२ वाजता अण्णांना बांधावर उभं केलं. तोंड उन्हाकडे, त्यामुळे डोळे बारीक झाले. पांढरी टोपी आणि पांढरं धोतर पाहून कॅमेऱ्याने आपणहून उजेड कमी केला आणि चेहरा काळवंडला. उजेड हाताने एक घर वाढवला तर टोपी नुसती पांढरीफटक. शेवटी लिंबाखाली नेलं. मोकळ्या आभाळाकडे तोंड केलं तेव्हा कुठे डोळे उघडले. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून एवढ्यावर भागलं. मेच्या मध्यावर तो इथे अगदी माथ्यावर येतो. त्या दिवसांत दुपारी कॅमेरा बाहेर काढायचाच नाही.

१५ डिसेंबर, रविवार
पुतणीच्या वेणीची रिबीन धागा न् धागा दिसतेय, डोळे पुसट. १.८ अ‍ॅपर्चर ठेवून दीड मीटरवरून काढलं, की या कॅमेऱ्यात जेमतेम ६ सेंटिमीटर खोलीएवढंच स्पष्ट येतं. पोर जरा पुढे झुकली की संपलं. अ‍ॅपर्चर ४ वर नेलं आणि फोकसचा ठिपका जवळच्या डोळ्यावर ठेवायला लागलो. विसातले आठ जमले.

२२ डिसेंबर, रविवार
आज मायचा फोटो मिळाला. मिळाला असंच म्हणतो, कारण मी तो ठरवून काढला नाही.

तिसऱ्या वेचणीचा कापूस अंगणात पसरला होता. माय त्याच्या कडेला बसून पाला-काडी निवडत होती. पाच वाजत आले होते. सध्या सूर्य पावणेसहाच्या पुढे-मागे मावळतो, म्हणजे ऊन पार तिरपं झालेलं. ते तिच्या पाठीमागून येत होतं. अशा वेळी चेहरा अंधारात जाणार, हे या दोन आठवड्यांत पक्कं कळलंय. थर्माकोलचा पत्रा धरायला कुणाला तरी बोलवावं म्हणून वळलो, आणि परत पाहतो तर तिचा चेहरा उजळलेला. समोरच्या कापसावर पडलेलं ऊन उलटून तिच्या तोंडावर येत होतं. हनुवटीखाली, डोळ्यांखाली, नेहमी जिथे सावली बसते तिथे मऊ पांढरा उजेड. दोन्ही बुबुळांत कापसाचा एकेक ठिपका.

"काय बघायलास रे?"

"काही नाही माय, तू निवड."

शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर ठेवून अकरा फोटो घेतले. मोठा करून पाहिला तर उजव्या भुवईला कापसाचा तंतू चिकटलेला, आणि बोंडाच्या टोकांनी बोटांच्या पेरांवर ओरखडे उठलेले. ते ओरखडे मी आजवर पाहिलेच नव्हते. हातातलं ताट घेताना रोज तीच बोटं समोर येतात.

२७ डिसेंबर, शुक्रवार
आभाळ भरून आलंय. चेहऱ्यासाठी याहून चांगला उजेड नाही, कुठेच कठोर सावली पडत नाही. अण्णांना हरभऱ्यात गाठलं, ते एकेक शेंडा उलटून अळी पाहत होते. ढगाळ हवा टिकली की घाटेअळीची धास्ती. मला जो उजेड हवा होता, त्यानेच त्यांच्या कपाळावर आठी आणली होती. चार फोटो घेतले आणि कॅमेरा पिशवीत टाकून त्यांच्यासोबत सऱ्या पाहायला लागलो. ती आठी तेवढी फोटोत आली आहे. अण्णांचा खरा चेहरा तोच.

३० डिसेंबर, सोमवार, वेळ अमावस्या
आज येळवस, सगळं घर शेतात. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, भज्जी, उंडे, मडक्यात आंबील.

आजी मात्र मी कॅमेरा उचलला की पदर तोंडावर घेते. ती निजामाच्या राज्यात जन्मलेली. त्याच राज्यातले फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला होता आणि तिथे कॅमेऱ्यामागे बाईच असायची. हे वाचलेलं आज नेमकं आठवलं. कॅमेऱ्याची सगळी मापं लावून तो पुतणीच्या गळ्यात अडकवला आणि मी विहिरीकडे निघून गेलो.

आजी कोपेच्या तोंडाशी बसली होती. वर कडब्याची सावली, समोर सगळं शिवार मोकळं. लांबून तिचं हसणं ऐकू आलं. फोटो पाहिला तेव्हा पदर खांद्यावर, दात नसलेलं तोंड पूर्ण उघडं. मी सात जन्मांत हा फोटो काढू शकलो नसतो.

५ जानेवारी २०२५, रविवार
तिन्ही फोटो ८ बाय १२ च्या मापात छापून आणले. आजीने आपला फोटो खिडकीशी नेला, अंगठा फिरवत बराच वेळ पाहिला. कडेला आंबिलीचा तांब्या धरलेला एक हात आलाय. पुतणीने तो कापून टाकायला सांगितलं होतं, मी तसाच ठेवला.

"ह्यो हात कुणाचा?"

"मायचा."

"मंग तिचं तोंड कुठंय?" आजीने फोटो माझ्या हातात परत दिला. "दोघींचा काढ. तवा लाव भिंतीवर."