आधी दुरुस्ती, मग विक्री?

जुना फोन विकायचा असेल तर आपण काय करतो? स्क्रीनगार्ड बदलतो, चार फोटो काढतो आणि मोकळे होतो. पण साठ वर्षांचा व्हॉल्व्हचा रेडिओ विकायचा असेल तर? तो आधी दुरुस्त करायचा, की आहे तसा द्यायचा? गेला महिनाभर माझ्या डोक्यात हाच भुंगा होता.

रेडिओ आजोबांचा. मर्फी. हो, तोच, तोंडाशी बोट नेलेल्या गोंडस बाळाचा! (२०१२च्या 'बर्फी!'मध्ये रणबीरचं नाव ज्याच्यावरून पडतं, तोच.) कंपनी मूळची ब्रिटिश, पण तिचा इथला कारखाना ठाण्यात होता. त्यामुळे आमच्या ठाणेकर बाबांना तो गाववालाच वाटतो. आता बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय. भाड्याच्या वन बीएचकेत माणसंच जेमतेम मावतात, तिथे हे लाकडी धूड कुठे ठेवणार? सो, विकायचा. इथपर्यंत घरात एकमत होतं.

पहिला फोन एका कॅफेच्या इंटिरियरवाल्याचा. "मॅडम, आतलं सगळं काढून टाकतो आम्ही. ब्लूटूथ बसवतो. मस्त दिसतं!" नऊ हजार. दुसरे एक संग्राहक काका, त्यांची तऱ्हा अगदी उलटी. "काहीही करू नका. पॉलिश नको, पुसूही नका. आणि प्लगमध्ये तर मुळीच घालू नका." आहे तसा सात हजार, चालू असेल आणि 'नीट माणसाने' केलेला असेल तर बारा.

प्लगमध्ये का नाही, हे मला कल्याणच्या एका मेकॅनिककाकांनी मागचा पुठ्ठा काढून दाखवलं. असले सेट वर्षानुवर्षं पडून राहिले की आतले कंडेन्सर सुकतात, मेणकागदाचे गळायला लागतात. अशा वेळी थेट वीज दिली की चुकीच्या जागी व्होल्टेज पोचतं आणि आउटपुट व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कंडेन्सर दोन-चार रुपयांपासून मिळतात, ट्रान्सफॉर्मर शोधत बसावा लागतो. म्हणून ते आधी कंडेन्सर बदलतात, मग सिरीजमध्ये शंभरचा बल्ब लावून हळूच सेट चालू करतात. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर समजायचं, आत कुठेतरी शॉर्ट आहे.

खर्च? सहा हजार, स्टेशनचा काटा फिरवणाऱ्या दोऱ्यासकट. बारातून सहा गेले, उरले सहा. म्हणजे हातच लावला नाही तर सात, पोट रिकामं करू दिलं तर नऊ, आणि सगळं व्यवस्थित केलं तर सहा! ज्या नात्याने आपण ईएमआय कॅलक्युलेट करतो, त्या नात्याने उत्तर अगदी सोपं होतं.

पण बाबा ऐकेनात. बंद वस्तू विकायची नाही, एवढं एकच पालुपद. मी वैतागले. मग एका रात्री त्यांनी त्या हिरव्या डोळ्याचं सांगितलं. या सेटमध्ये 'मॅजिक आय' नावाचा व्हॉल्व्ह असतो. स्टेशन नीट लागलं की त्यातली काळी फट मिटत जाते. बुधवारी रात्री सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' लागायची. आजोबा बटण फिरवायचे आणि बाबांचं काम एकच, डोळा मिटला की "बास!" ओरडायचं. माणसाला आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं जबाबदारीचं काम होतं ते. आता याला कुठल्या रकान्यात टाकू?

मी काकांना हो म्हटलं. दोन अटी त्यांनीच घातल्या. लाकडाला हात लावायचा नाही, कारण पॉलिशपेपर एकदा फिरला की जुना रंग परत येत नाही. आणि काढलेले कंडेन्सर पिशवीत घालून गिऱ्हाइकाला द्यायचे. हे मला फार आवडलं. जे उलटवता येतं तेवढंच करायचं. डोळा मात्र मंदच राहिला. त्याच्या आतला लेप वापराने विझत जातो, आणि नवा व्हॉल्व्ह सेटच्या निम्म्या किमतीचा. तो आम्ही सोडून दिला.

सेट घरी आला तेव्हा सुरुवातीला नुसती खरखर. काकांना फोन केला, तर म्हणाले, "तुमचे एलईडी दिवे आणि चार्जर बंद करा आधी." केले. अंधारात मीडियम वेव्हवर कुठलंसं स्टेशन लागलं, भाषा आम्हाला कळेना, कन्नड असावी. बाबा डायलला नाक लावून त्या फिकट हिरव्या फटीकडे बघत होते. "बास" वगैरे काही म्हणाले नाहीत. पाऊण तास उठलेही नाहीत.

संग्राहककाकांना कळवलं. काय बदललं, काय नाही, डोळा मंद आहे, सगळं. म्हणाले, रविवारी दुपारी बघायला येतो. बाबांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"दुपारी नको हो," ते म्हणाले. "रात्री आठनंतर या. दुपारी स्टेशनं लागत नाहीत."