शेवटच्या रांगेचं मैदान

कोल्हापूरला आलेला पाहुणा काय काय करणार, हे शहराला तोंडपाठ आहे. पहाटे अंबाबाई, मग मिसळ, न्यू पॅलेसमधलं संग्रहालय, दुपारी तांबडा-पांढरा, उन्हं कलली की रंकाळा, आणि निघायच्या आधी चप्पल आणि गूळ. मुक्काम वाढला तर पन्हाळा आणि जोतिबा. यातलं काही सोडा असं मी कधीच सांगणार नाही. पण एवढ्या फिरण्यात पाहुणा ज्याच्या दारावरून जातो आणि आत मात्र शिरत नाही, असं एक ठिकाण आहे. खासबाग, कुस्तीचं मैदान. भवानी मंडपातून मिरजकर तिकटीच्या बाजूनं चालत निघालात तर चहा प्यायला थांबूनही लवकर पोचाल.

आत न शिरण्यात पाहुण्याचा दोष नाही. रस्त्यावरून खासबाग दिसतच नाही. उंच कमान नाही, घुमट नाही, लांबून ओळखावी अशी कसलीही खूण नाही. बाहेर खाऊगल्लीच्या गाड्या, रिक्षा, दुचाकी, कुणीतरी कुणाला तरी मारलेली हाक. दारातून आत गेलं की मात्र जमीन खाली उतरत गेलेली दिसते आणि मग कळतं, हे मैदान रस्त्यापेक्षा खाली बसलेलं आहे. मधोमध तांबड्या मातीचा हौदा, आणि त्याच्याभोवती गोलाकार चढत गेलेला बसायचा उतार. वर छप्पर नाही, मध्ये एकही खांब नाही. तालमीतला जुना वस्ताद कडेला मांडी घालून बसतो, फारसं बोलत नाही, आणि तरी सगळी तालीम त्याच्याकडं एक डोळा ठेवून असते, तसा या जागेचा स्वभाव आहे.

तो स्वभाव कळायचा असेल तर एक करा. हौद्याजवळ जाऊ नका. चढण चढून अगदी वर, भिंतीला पाठ लागेल अशा शेवटच्या रांगेत जाऊन बसा. तिथून पाहा. हौद्याचा पुढचा काठ दिसतो, मागचा दिसतो, मधली माती दिसते. पुढं माणसं बसली असती तरी ती तुमच्या नजरेच्या खालीच राहिली असती, असा तो उतार काढलेला आहे. सुमारे तीस हजार माणसं इथं मावतात असं धरतात, आणि त्यातल्या कुणालाच पुढच्याच्या डोक्यावरून टाचा उंचावून बघावं लागत नाही. मागं बसलेल्या माणसाचा एवढा विचार करून बांधलेली जागा मी आपल्याकडं फार थोडी पाहिली आहे. आपल्या सभागृहांत, मंडपांत, मैदानांत मागची जागा म्हणजे उरलेली जागा. इथं ती आधी मनात धरून सगळं आखलं आहे.

ही दृष्टी आली कुठून, तर राजर्षी शाहू महाराजांकडून. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. कुस्तीसाठी असं काही आपल्याकडं व्हावं, हे तिथं त्यांच्या मनानं घेतलं, असं कोल्हापूर अभिमानानं सांगतं. त्याच वर्षी, महाराज परदेशात असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. या दोन गोष्टी इतिहासाच्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. मला त्या एकाच माणसाच्या एकाच विचारातून निघालेल्या वाटतात. ज्याला आजवर मागं बसवलं, त्याला दिसलं पाहिजे, त्याला मिळालं पाहिजे, हा तो विचार.

कलोसियममधून महाराजांनी सगळं उचललं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. रोममध्ये बसायची जागा दर्जानुसार ठरायची. सिनेटर अगदी पुढं, गोरगरीब आणि बायका पार वर. आणि रिंगणात माणसं मरायची, जनावरं मरायची. खासबागेनं तिथला उतार घेतला, रक्त घेतलं नाही. इथं दोन्ही खांदे मातीला टेकले की भांडण मिटलं. जिंकणारा हात देऊन पडलेल्याला उठवतो, दोघं एकमेकांना कवळा घालतात आणि हौद्याबाहेर पडतात.

काम १९०७ च्या सुमारास सुरू झालं आणि १९१२ साली मैदान खुलं झालं. उद्घाटनाच्या कुस्तीला जोड होती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची, आणि मैदान मारलं इमामबक्षनं. हा इमामबक्ष म्हणजे थोरल्या गामा पैलवानाचा भाऊ. दोनच वर्षांपूर्वी, १९१० मध्ये, दोघे भाऊ लंडनला जाऊन युरोपच्या मल्लांशी लढून आले होते. अशा मल्लाला पाहायला करवीरच्या खेड्यापाड्यांतून बैलगाड्या जोडून, पायी, भाकरी बांधून माणसं आली असतील. लंडनच्या तिकिटाचे पैसे ज्यांनी जन्मात पाहिले नसते, त्यांना घराजवळ इमामबक्ष पाहायला मिळाला. पुढं फाळणी झाली, उत्तरेतले कित्येक नामांकित मल्ल पाकिस्तानात राहिले, तरी त्यांची कोल्हापूरची वाट लगेच बंद पडली नाही. तिकडच्या सादिक पंजाबीचं नाव इथली म्हातारी माणसं अजून घरच्या पैलवानासारखं घेतात.

घरचेही काही कमी नव्हते. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे सीमेपलीकडच्या एकसंब्याचे. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. १९६४ चे मारुती माने कवठेपिरानचे. गावं वेगवेगळी, पण तिघांच्याही अंगाला माती कोल्हापूरची. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, मठ, काळाईमाम अशी तालमींची नावं इथं घराण्यांच्या नावांसारखी घेतली जातात. पोरगं कुठल्या तालमीचं आहे हे त्याच्या उभं राहण्यावरून ओळखणारे जाणकार या उतारावर अजून बसतात.

आता कुस्तीच्या दिवसाबद्दल. त्या दिवसाशिवाय खासबाग अर्धीच कळते.

दुपारी हलगी कडाडायला लागते. आखाड्याची पूजा होते, नारळ फुटतो. पहिल्यांदा उतरतात ती पोरं, आठ-दहा वर्षांची, लंगोट घट्ट बांधून, छाती काढून. त्यांच्या कुस्त्या पटापट लागतात आणि पटापट सुटतात. त्यांना हसू नका, उतारावरचं कुणी हसत नाही. एखाद्यानं नीट पट काढला तर पांढऱ्या मिशांचा आजोबा उठून त्याच्या हातात नोट ठेवून येतो. ऊन उतरत जातं तशी जोड मोठी होत जाते, इनाम वाढत जातं, आणि वरच्या रांगा भरत येतात. मोठ्या कुस्तीला दिवे लागलेले असतात.

मोठी जोड हौद्यात उतरते तो क्षण नीट पाहण्यासारखा असतो. पैलवान वाकतो, हात मातीला लावतो, तोच हात कपाळाला. मग मूठभर माती उचलून समोरच्याच्या खांद्यावर, मानेवर, दंडावर टाकतो, आणि समोरचाही याच्या अंगावर टाकतो. घामेजलेलं अंग हातातून निसटू नये म्हणून ही माती. ती कुणी झटकत नाही. शड्डू ठोकला की त्याचा आवाज वरच्या भिंतीपर्यंत जातो. मग खडाखडी. पंजात पंजा, मानेवर हात, डोक्याला डोकं. नवख्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. अशा वेळी शेजारच्याकडं बघा. त्याचे डोळे पैलवानांच्या हातांवर नसतात, पायांवर असतात. कुणाचा पाय जड पडला, कुणाचा श्वास चढला, कोण मागं सरकतोय, हे तो वाचत असतो. एवढ्यात एक जण पटात शिरतो, दुसरा वर पडतो, कब्जा घेतो, घिस्सा मारायला हात घालतो, आणि सगळा उतार एकदम उभा राहतो. पाठ मातीला लागली की नाही, हे पंचाच्या आधी तीस हजार माणसं ठरवून मोकळी होतात.

खासबागेचा कडकपणा हा असा आहे. इथं पैलवानाला आडोसा नाही. हौद्याच्या कुठल्याही काठाला गेलं तरी समोर हजारो डोळे. नूराकुस्ती करायची म्हटलं तर कुठल्या बाजूला तोंड लपवणार? ठरवून खेळलेला डाव वरच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही कळतो, कारण तोही लहानपणी गावच्या तालमीत चार दिवस माती खाऊन आलेला असतो. मग शिट्ट्या सुरू होतात, आणि त्या शिट्ट्या त्या पैलवानाला गावोगाव पुरतात. उलट, अस्मान बघितलेला मल्ल जर जिवाच्या करारानं लढला असेल, तर जाताना त्याच्याही पाठीवर थापा पडतात. हरलेल्याला मान देणारा हा प्रेक्षक मैदानानंच घडवला आहे, असं मला मनापासून वाटतं. सगळं स्पष्ट दिसलं की माणूस न्यायानं वागतो.

या मैदानाला शेजारही तोलामोलाचा लाभला. भिंतीला भिंत लागून शाहू महाराजांनीच उभारलेलं नाट्यगृह. १९१५ साली ते पूर्ण झालं तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर होतं, पुढं ते संगीतसूर्य केशवराव भोसल्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. जवळच गायन समाज देवल क्लब, १८८३ पासूनचा. कुस्ती, नाटक, गाणं, तिन्ही हाकेच्या अंतरावर. केशवरावांनी खासबागेच्या उघड्या मैदानात मृच्छकटिकाचा प्रयोग केला होता आणि ध्वनिक्षेपक नसताना त्यांचं गाणं पार वरच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, ही गोष्ट कोल्हापुरात अजून सांगतात. वर बसून, खाली हौद्यापाशी कुणाला तरी बोलायला लावून पाहा. गोष्टीवर विश्वास बसेल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं जळालं, आणि रंगकर्मी रस्त्यावर उभे राहून रडले. आगीची झळ मैदानाच्या बाजूलाही पोचली. नाट्यगृह पुन्हा उभं करण्याचं काम हाती घेतलं गेलं. ते जसं होतं तसंच उभं राहावं, ही इथल्या प्रत्येक माणसाची इच्छा आहे आणि माझीही आहे.

खासबागेचं स्वतःचंही दुखणं आहे. कुस्ती मॅटवर गेली. जावीच लागली, कारण जगात ती मॅटवरच खेळतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ मध्ये त्यांनी हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, ते स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे कमी पडले तेव्हा कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं होतं. मातीत वाढलेला मल्ल मॅटवर जिंकू शकतो हे त्यांनी दाखवून दिलं, त्यामुळं माती की मॅट हा वाद मला पटत नाही. पोरांनी दोन्हींवर खेळावं. पण माती राखायला माणसं लागतात. ती उकरावी लागते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर घालून ती मळावी लागते. हौदा नुसता पडून राहिला तर दगडासारखा होतो. वर्षातून थोडी मैदानं भरवून एरवी कुलूप, असं या जागेचं होता कामा नये. महाराजांच्या जयंतीला हार घालणं सोपं आहे. हौद्याची माती बारा महिने मऊ ठेवणं हे खरं काम आहे, आणि पाहुणे जितके जास्त आत येतील तितकी ते काम करणाऱ्यांना ताकद मिळेल.

तेव्हा कोल्हापूरचा बेत आखताना एवढं करा. येण्याआधी ओळखीच्या कोल्हापूरकराला फोन करून विचारा, ‘खासबागेत मैदान कधी आहे?’ ओळखीचं कुणी नसेल तर आल्यावर कुठल्याही तालमीच्या दारात विचारा, चहा पाजून सांगतील. पावसाळ्याचे महिने टाळा, उघड्यावरची माती तेव्हा चालत नाही. तारीख जुळली तर रंकाळा सकाळी उरका आणि दुपारपासून संध्याकाळ या मैदानाला द्या. पाण्याची बाटली घ्या, खाली टाकायला पंचा घ्या, लेकरं सोबत असतील तर त्यांनाही न्या. आणि कुणी पुढं बसायला बोलावलं तरी वरच बसा.

मैदान सुटलं की खाऊगल्लीत भेळ खायला थांबा. गर्दी असेल, उभ्यानंच खावं लागेल. शेजारच्या अनोळखी माणसाला सहज म्हणा, ‘शेवटच्या कुस्तीत नेमकं काय झालं ते कळलं नाही बघा.’ तो हातातली भेळ गाडीवर ठेवील, ‘या इकडं,’ म्हणत तुमचंच मनगट धरील आणि भर रस्त्यात घिस्सा कसा लागला ते करून दाखवील.