परसातला वाल आणि माझा फवारणीचा पंप



आज परसातल्या वालाच्या पहिल्या शेंगा तोडल्या. ओंजळभरच निघाल्या. पण त्यामागं माझी एक चूक आहे, ती लिहून ठेवतो. कुणाच्या तरी कामी येईल.

आमची परसबाग म्हणजे घरामागचा एक गुंठा. बाग आईची, आम्ही तिच्या हाताखालचे गडी. उन्हाळ्यात मोरीच्या पाण्यावर अळू आणि तांदुळजा, बाकी जागेत शेणखत टाकून वर पाचट. मृगाचा पाऊस झाला की कुंपणाला दोडका-कारलं, मांडवाला वाल, मधे भेंडी-गवार. वेल दोन पानांवर असताना लाल भुंगेरे येतात, तेव्हा आई सकाळी पानं ओली असतानाच चुलीची राख उधळते. दसऱ्यानंतर भेंडी उपटून मेथी, पालक, लसूण. वर्षभर भाजी विकत आणायची वेळ फार कमी येते.

यातला वाल आईनं माहेराहून आणलेला. जांभळ्या काठाची शेंग, दाणा टपोरा. गेल्या वर्षी बियाला ठेवलेल्या दाण्यांना भुंगा लागला, जेमतेम मूठभर चांगले निघाले. ते सगळेच यंदा मृगात टोकले. डब्यात एक दाणा ठेवला नाही.

जुलैच्या सुरुवातीला बांधावर गाजरगवत माजलं म्हणून टू-फोर-डी मारलं. पंप दोनदा साध्या पाण्यानं विसळला. चार दिवसांनी वालावर मावा दिसला. त्याच पंपात निंबोळी अर्क भरला आणि अख्ख्या परसात मारला. कडुलिंबाचंच तर आहे, म्हणून निर्धास्त होतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वालाचे शेंडे वाकडे झाले. पानं अरुंद, शिरा उठलेल्या, पंजासारखी आखडलेली. मला वाटलं व्हायरस. पण बघतो तर दोडका, भेंडी, गवार, सगळ्यांची तीच गत. एकच रोग एकाच दिवशी चार पिकांवर कसा येईल? मक्याच्या आठ-दहा ताटांवर अळी होती म्हणून तिथंही तेच मारलं होतं, तो मका मात्र हिरवागार. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टू-फोर-डी रुंद पानाला मारतं, गवताच्या जातीला सहसा काही करत नाही. पंपात, नळीत, नोझलमधे राहिलेल्या थोड्याशा औषधानं बाग घालवली.

आईला सांगायचं धाडस दोन दिवस झालं नाही. तिनंच विचारलं, "औषध कडुलिंबाचंच होतं ना रे?" मग खरं ते सांगितलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. थोड्या वेळानं म्हणाली, "आक्काला फोन लाव. तिला दिलं होतं मी बी."

आक्का पंचमीला माहेरी आली, पदराच्या गाठीत वीस-बावीस दाणे घेऊन. पंचमीला आपल्यात माती उकरत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी टोकले. जुनी जागा सोडून न्हाणीमागं नवा मांडव घातला. खराब झालेले वेल ना गाईला घातले, ना शेणखताच्या खड्ड्यात टाकले.

लागण दीड महिना मागं पडली, वेल आखूड राहिला. पण आपला जुना वेलवाल दिवस लहान झाल्यावरच फुलतो, त्यामुळं फुलोरा जवळजवळ नेहमीच्याच वेळेला आला. शेंगा कमी आहेत, पण आहेत.

आता घरात दोन पंप आहेत. तणनाशकाच्या पंपावर लाल रंगाचा पट्टा मारलाय, तो परसात आणायचा नाही. दुसरा पंप नसेल त्यांनी निदान धुण्याच्या सोड्याचं पाणी रात्रभर पंपात ठेवावं, नळी-नोझलमधून काढावं, मग दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवावं. ते पाणी विहिरीकडं, ओढ्याकडं जाऊ देऊ नये. तरीही वेगळा पंप तो वेगळाच.

आणि बी सगळं कधी पेरायचं नाही. थोडं राखेत घालून घरी ठेवायचं, थोडं दुसऱ्याच्या घरी द्यायचं. आई म्हणते, "दिलेलं बीच परत येतं."

यंदा पहिल्या बहराच्या चांगल्या शेंगा वेलावरच वाळवणार. माघात बी निघेल. ज्यांना पाहिजे त्यांनी येऊन न्यावं, पैसे नकोत. पुढच्या वर्षी मूठभर दुसऱ्या कुणाला द्यावं, एवढीच अट.