झिंग्याला ताक

उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकत होतो तेव्हाची गोष्ट. अहमदपूरजवळ मामांनी ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून तळं घेतलं होतं, ३० मीटर लांब, तेवढंच रुंद. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच जिल्ह्यात मामा रोहू-कटल्यासोबत झिंगे वाढवायला निघाले. हा गोड्या पाण्यातला मोठा झिंगा, पण त्याच्या पिल्लांना जगायला आधी निमखारं पाणी लागतं. त्यामुळे बीज किनाऱ्याकडून, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आलं.

श्रावणात झिंग्यांनी खाणं कमी केलं. मामा नांदेडला जाऊन प्रोबायोटिकचं पाकीट घेऊन आले. “औषध आणलंय,” म्हणाले.

ते औषध नव्हतंच. झिंग्याच्या शरीरात आपल्यासारखी अँटिबॉडी तयार होत नाही. त्यामुळे त्याच्या आतड्यात कोण मुक्काम करतं, याला फार महत्त्व. पाकिटात बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू होते. कोरड्या खाद्यातही तग धरतात, आतड्यात गेले की जागे होतात आणि व्हिब्रिओसारख्या उपद्रवी जिवाणूंची जागा अडवतात. प्रीबायोटिक म्हणजे या पाहुण्यांचा चारा: यीस्टच्या पेशीभिंतीतली शर्करा, किंवा कांद्या-लसणातही असणारं इन्युलिन. मी अंड्याच्या पांढऱ्यात पूड कालवून खाद्याला चोळत होतो, सावलीत वाळवत होतो. मामी म्हणाल्या, “काय रे, झिंग्याला ताक पाजायलास का?” इतकी नेमकी व्याख्या वर्गात कुणी सांगितली नव्हती.

मामांना मात्र घाई. जीवामृत करणारा माणूस. उरलेली पूड त्यांनी भरपूर गुळाच्या पाण्यात रात्रभर भिजवली आणि दुसऱ्या संध्याकाळी सगळी तळ्यात ओतली. आभाळ भरलेलं, त्यात लाईट गेली.

पहाटे मामांची हाक आली. झिंगे काठाच्या प्लास्टिकला चिकटून वर आले होते, काही तर पाण्याबाहेर निघू पाहत होते. गूळ खाऊन माजलेल्या जिवाणूंनी तळ्यातला प्राणवायू ओढून घेतला होता, आणि हवा मिसळणारं यंत्र लाईटीअभावी गप्प. विहिरीवरचं डिझेल इंजिन ओढत आणलं, तळ्याचंच पाणी उचलून उंचावरून तळ्यात पाडत राहिलो. ऊन वर येईपर्यंत कुणी चहाही घेतला नाही.

बरेचसे वाचले. त्यानंतर गूळ बंद, खाद्यावरची पूड चालू. दहाएक दिवसांत खाद्याची थाळी रिकामी व्हायला लागली, झिंग्याच्या पाठीतली आतड्याची काळी रेघ पुन्हा भरलेली दिसू लागली. हे पुडीमुळे की उघडलेल्या आभाळामुळे, ते छातीठोक सांगता येत नाही. ताडून पाहायला दुसरं तळं कुठं होतं?

मामा मात्र आता दुकानदाराला पाकीट उलटं करायला लावतात, तारीख वाचतात आणि विचारतात, “आतले जिवंत हायेत ना?”